साठ माणसांची खिंड

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनो, तुमच्यासाठी सांगतो. आणि लहानांच्या आडून कान देणाऱ्या मोठ्यांनो, तुमच्यासाठीही.

डोंगरांच्या कुशीत एक राज्य होते. त्याच्या उत्तरेला उंच रांग होती आणि त्या रांगेतून पलीकडे जायला दोनच वाटा होत्या. एक थोरली खिंड, दुसरी धाकटी खिंड. खिंडींच्या पायथ्याशी मेंढपाळांची आणि विणकरांची गावे होती, भाताची खाचरे होती. पलीकडच्या राजाचा या गावांवर डोळा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून दोन्ही खिंडींवर चौक्या होत्या आणि प्रत्येक चौकीवर एक नाईक होता.

कोणत्या चौकीवर किती माणसे असावीत आणि त्यांच्यापाशी काय सामान असावे, हे जुन्या राजाने ठरवून दिले होते. त्याला नेमणूक म्हणत. ही नेमणूक राजाने महालात बसून ठरवली नव्हती. तो चार जुने शिपाई बरोबर घेऊन थोरल्या खिंडीत गेला, एका दगडावर बसला आणि म्हणाला, "राजधानीतून फौज इथं यायला तीन दिवस लागतात. तेवढे दिवस ही वाट अडवून धरायची, तर काय काय लागेल?"

मग एकेक गोष्ट निघाली. कड्यावर तिरंदाज हवेत. वाटेच्या तोंडाशी भालेकरी हवेत. माणूस सलग तीन दिवस लढू शकत नाही, तेव्हा एक तुकडी लढत असताना दुसरीला पाठ टेकायला मिळाली पाहिजे. झरा खाली आहे, तेव्हा पखालीतून पाणी वर आणणारे हवेत. भाले मोडतात, म्हणून लोहार हवा. माणसे जखमी होतात, म्हणून वैद्य हवा.

एक शिपाई म्हणाला, "महाराज, माणसं साठ आणि ढाली तीस असल्या, तर ती माणसं तीसच धरा."

राजाने मान डोलावली आणि ढालींचाही आकडा ठरवला. असे करता करता थोरल्या खिंडीला साठ माणसे ठरली आणि धाकटीला चाळीस. त्यांच्या जोडीला ढाली, बाण, दोर, पखाली आणि कढया. लोक म्हणायचे की नेमणूक राजाने नुसती उच्चारली; मागितली ती खिंडीनेच.

पुढे जुना राजा वारला. गादीवर त्याची मुलगी बसली. राणी समंजस होती, पण फौजेतले तिला फारसे कळत नसे. ते सगळे तिने सेनापतीवर सोपवले.

सेनापती प्रामाणिक होता आणि कडक होता. त्याच्या कडकपणाला कारण होते. तो तरुण असताना त्याचा थोरला भाऊ एका किल्ल्यावर शिपाई होता. त्या किल्ल्याचा किल्लेदार मेलेली माणसे जिवंत दाखवून त्यांचा पगार खात असे. एके दिवशी किल्ल्यावर हल्ला झाला, तेव्हा अर्ध्या तटावर उभे राहायला कुणी नव्हते. सेनापतीचा भाऊ त्या रिकाम्या तटावर एकटा लढला आणि मेला. सेनापती ते कधी विसरला नाही. हातात अधिकार येताच त्याने हुकूम काढला. नेमणुकीत एक माणूस किंवा एक ढाल जरी कमी आढळली, तर त्या नाईकाचे पागोटे भर चावडीत उतरवले जाईल.

हुकूम निघाला त्याच वर्षी नदीकाठच्या चौकीवर तापाची साथ आली. तिथला नाईक तुळोजी स्वतः राजधानीत आला. केस पिकलेला, कमी बोलणारा माणूस होता तो.

"पाच माणसं तापानं गेली, सरकार," तो म्हणाला. "त्यांच्या जागी पाच माणसं द्या."

"म्हणजे तुझी नेमणूक अपुरी आहे," सेनापती म्हणाला.

"म्हणूनच आलोय."

सेनापतीने दुसऱ्या दिवशी सगळ्या नाईकांना चावडीत बोलावले आणि त्यांच्या देखत तुळोजीचे पागोटे उतरवले. त्या गर्दीत थोरल्या खिंडीचा नाईक सुभानजी उभा होता आणि त्याच्या शेजारी धाकट्या खिंडीचा नाईक कोयाजी. तुळोजी बोडक्या डोक्याने, खाली बघत चावडीच्या पायऱ्या उतरला, तेव्हा त्याला वाट द्यायला दोघेही बाजूला सरले.

त्या दिवसानंतर राज्यातल्या एकाही चौकीवर एकही माणूस कमी असल्याचे कुणी ऐकले नाही.

पण माणसे काय, कमी होतातच. थोरल्या खिंडीवरचा एक जण कड्यावरून घसरला. तिघांचे गुडघे गेले. कुणाचा बाप अंथरुणाला खिळला, म्हणून तो घरी गेला आणि परत आला नाही. सुभानजी चांगला नाईक होता. त्याला प्रत्येकाचे गाव ठाऊक होते, प्रत्येकाच्या घरी काय दुखते ते ठाऊक होते. गेलेल्याच्या जागी नवा माणूस मागावा असे त्याला प्रत्येक वेळी वाटे, आणि प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांपुढे तुळोजीचे बोडके डोके येई. होता होता साठांचे चाळीस झाले. तिकडे कोयाजीच्या चाळिसांचे पंचवीस झाले.

इतके दिवस राजधानीला नुसता आकडा कळवून भागत असे; आता सेनापती वर्षातून एकदा स्वतः हजेरी घ्यायला येऊ लागला. पहिली हजेरी जवळ आली, तेव्हा कोयाजी डोंगराच्या माथ्यावरून चालत सुभानजीकडे आला. दोघे लहानपणापासूनचे मित्र. दोघांनी एकाच माळावर शेळ्या राखल्या होत्या.

"माझी वीस माणसं ठेवून घे," कोयाजी म्हणाला. "तुझी हजेरी झाली, की ती आणि वर तुझी पंधरा माझ्याकडं धाड. ढाली पाठीला बांधून."

"आणि सेनापती?"

"तो काय शेरडाच्या वाटेनं येतोय? लवाजमा घेऊन खालच्या रस्त्यानं येणार. त्याला पोचायला दीड दिवस. आपली माणसं दुपारपर्यंत माथ्यावरून पलीकडं."

सुभानजीने माथ्याच्या वाटेकडे पाहिले. मग म्हणाला, "एवढ्या वेळेपुरतं."

एवढ्या वेळेपुरतं म्हणून केलेली गोष्ट पुढच्या वर्षीही करावी लागली. दोन्ही वेळा हजेरी पुरी भरली. सेनापती दोन्ही खिंडींवर खूश होऊन गेला.

थोरल्या खिंडीवर हरबा नावाचा तिरंदाज होता. ताडमाड उंच, काळ्याभोर दाढीत मधोमध एक पांढरा पट्टा. दुसऱ्या वर्षी धाकट्या खिंडीवर हजेरी घेताना सेनापती त्याच्यापुढे थबकला.

"तुला कुठं तरी पाहिलंय मी."

"थोरल्या खिंडीवर माझा भाऊ असतो, सरकार," हरबा म्हणाला. "जुळे आहोत. लोक नेहमी चुकतात."

सेनापतीला ते पटले. तो पुढे गेला. माथ्यावरून परत येताना माणसे हसून हसून बेजार झाली. त्यांनी सांगितले तेव्हा सुभानजीही हसला, पण हसता हसता त्याच्या लक्षात आले की आपण सगळे ज्याला हसतोय, तो माणूस आपल्या शब्दावर विश्वास ठेवून खाली उतरलाय.

तिसऱ्या वर्षी पलीकडच्या डोंगरात हालचाल दिसू लागली. मेंढपाळ सांगू लागले की तिकडे तंबू पडलेत, खेचरांवरून शिड्या येताहेत. त्याच सुमारास पूर्वेच्या सीमेवर दुसऱ्याच शत्रूने नदी ओलांडली. राजधानीहून एक स्वार हुकूम घेऊन आला आणि चौकीच्या अंगणात त्याने तो मोठ्याने सांगितला.

"सगळी फौज पूर्वेला जात आहे. खिंडींवर धाड आली, तर थोरली साठ माणसांनी आणि धाकटी चाळिसांनी तीन दिवस धरून ठेवावी. तोवर फौज माघारी येईल."

स्वार धाकट्या खिंडीकडे निघून गेला. सुभानजी होता तिथेच उभा राहिला. माणसे जेवायला बसली होती. त्याने त्यांच्याकडे पाहिले. चाळीस. सेनापतीने आपल्या मनात या खिंडीत जी साठ माणसे उभी केली होती, त्यांतली वीस कुठेच नव्हती. आणि त्या नसलेल्या माणसांच्या भरवशावर सगळी फौज पाठ फिरवून निघाली होती.

खाली गावात कुणी तरी धुतलेल्या घोंगड्या कुंपणावर वाळत घालत होते. सुभानजी बराच वेळ त्या घोंगड्यांकडे बघत राहिला. मग त्याने कंबर बांधली आणि माथ्यावरून धाकट्या खिंडीची वाट धरली.

"मी राजधानीला जातोय," तो कोयाजीला म्हणाला. "खरं काय ते सांगायला."

कोयाजीचा चेहरा उतरला. "तुझं तू सांग. माझं नाव घेऊ नकोस."

"माझं सांगितलं की तुझं निघणारच. माणसं आपण एकमेकांची दाखवली. म्हणून आधी तुझ्याकडं आलो. तूही चल."

"माझा आजा इथं नाईक होता. बाप इथं नाईक होता. तो अजून ओसरीवर बसलेला असतो. मी बोडक्या डोक्यानं त्याच्यापुढं जाऊ?"

"मलाही तेच भ्या आहे, कोयाजी."

"मग जातोस कशाला? कदाचित धाड येणारही नाही."

"आली तर?"

कोयाजीने तोंड फिरवले. "जा. पण जाताना एवढं ध्यानात ठेव, की तू माझं पागोटं घेऊन चाललायस. आणि मला न विचारता."

कोयाजी म्हणत होता ते खरेच होते. सुभानजीने माघारी येऊन आपल्या माणसांना गोळा केले आणि काय करणार आहे ते सांगितले.

हरबा उठून उभा राहिला. "सेनापतीपुढं तोंडावर खोटं मी बोललो, नाईक. मी येतो संगं. माझं मी कबूल करतो."

"तू यायचं नाहीस. आता एकही माणूस कमी करून चालणार नाही. धाकटी आपल्याहून लंगडी आहे. दहा तिरंदाज घे आणि कोयाजीकडं जा."

"ते आपल्यावर रागावलेत ना?"

"रागावू दे. तू जा."

दहा जण माथ्याच्या वाटेने गेले. सुभानजी घोड्यावर बसला आणि खाली उतरला. वाटेत गावोगावी घोडे बदलत तो राजधानीला पोचला, तेव्हा फौज निघण्याच्या बेतात होती. हत्तींवर हौदे चढले होते. राणी फौजेला निरोप द्यायला पायऱ्यांवर उभी होती आणि सेनापती घोड्यावर बसलेला होता.

सुभानजी धुळीने माखलेला तसाच पुढे गेला आणि मुजरा करून बोलू लागला. थांबलो तर बोलता येणार नाही, हे त्याला माहीत होते.

"थोरल्या खिंडीवर साठ माणसं नाहीत, सरकार. चाळीस आहेत. धाकटीवर चाळीस नाहीत, पंचवीस आहेत. दोन वर्षं तुम्ही पुरी हजेरी पाहिलीत, ती आम्ही एकमेकांची माणसं उसनी आणून दाखवली."

सेनापतीचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभर त्याला तो जुना, रिकामा तट दिसला असावा. तो म्हणाला, "याचं पागोटं उतरवा."

दोन शिपाई पुढे झाले, पण सुभानजीने स्वतःच पागोटे उतरवले आणि पायरीवर ठेवले.

"हे झालं," तो म्हणाला. "आता माझं पुरतं ऐकून घ्या. तीन दिवस खिंडी टिकायच्या नाहीत. थोरली एक दिवस टिकेल. धाकटी अर्धा दिवस. खाली गावांत कुणालाच हे माहीत नाही."

राणी दोन पायऱ्या खाली आली. "इतके दिवस का बोलला नाहीस?"

सुभानजी हलक्या आवाजात म्हणाला, "तुळोजी नाईक बोलले होते, राणीसाहेब."

"कोण तुळोजी?"

राणीने सेनापतीकडे पाहिले. सेनापती घोड्यावरून उतरला. तुळोजीची हकीकत त्यानेच सांगितली. सांगायला सुरुवात केली तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखा ठाम होता. तापाची साथ, मेलेली पाच माणसे, चावडी, पागोटे. बोलता बोलता तो आवाज खाली खाली गेला.

"आणि ती पाच माणसं दिलीत का तुम्ही?" राणीने विचारले.

सेनापतीने थोडा विचार केला. "नाही, राणीसाहेब. त्याला घालवून दिला. माणसं द्यायची राहून गेली."

मागे घोडे खूर आपटत होते.

"माझा भाऊ रिकाम्या तटावर मेला," सेनापती म्हणाला. "मला वाटलं, धाक बसला की एकही तट रिकामा राहणार नाही."

राणी त्याच्यावर रागावली नाही. तिला त्याच्या भावाची गोष्ट ठाऊक होती. "तो किल्लेदार माणसं खात होता, सेनापती," ती म्हणाली. "तुळोजीची माणसं तापानं खाल्ली. तुम्ही दोघांना एकाच मापानं मोजलंत. त्या धाकानं तट भरले नाहीत. तट रिकामे आहेत हे सांगायला येणारे मात्र थांबले."

सेनापतीने मान खाली घातली. मग वर केली आणि सुभानजीकडे वळला.

"खिंडीला आत्ता काय लागेल?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न सुभानजीला कुणी विचारला नव्हता. तो सांगू लागला. माणसे हवीत, पण नुसती माणसे नकोत. कड्यावर बसतील असे तिरंदाज हवेत. पखाली फाटल्यात, नव्या हव्यात. दोर हवेत. धाकटीवरचे बाण निम्म्याहून कमी आहेत. आणि सगळ्यांच्या आधी गावांत कुणी तरी जाऊन बायकापोरांना रानात हलवले पाहिजे.

सेनापतीने फौजेचा तिसरा हिस्सा खिंडींकडे वळवला आणि उरलेली फौज पूर्वेला धाडली. पायदळाला पोचायला वेळ लागणार, म्हणून घोडेस्वार पुढे काढले आणि प्रत्येकाच्या मागे एकेक तिरंदाज बसवला. तो स्वतः त्यांच्याबरोबर निघाला. पुढे सुभानजी होता, बोडक्या डोक्याने, वाट दाखवायला.

धाड आधी धाकट्या खिंडीवरच आली.

उजाडताच शत्रू वर चढू लागला. कोयाजीपाशी आपली पंचवीस आणि हरबाने आणलेली दहा माणसे होती. हरबा आला त्या दिवशी कोयाजी त्याच्याशी धड बोलला नव्हता. पण आता तो कड्यावरच्या हरबाकडे बघून इशारे करत होता आणि तो दाखवील तिथे हरबा बाण टाकत होता. वाटेच्या तोंडाशी उभे राहायला एकच तुकडी होती. तिला विसावा द्यायला मागे दुसरी नव्हती. जे सकाळी लढत होते, तेच दुपारीही लढत होते. पाणी आणायला माणूस सोडता येत नव्हता, म्हणून घसे सुकून गेले. बाण संपत आले, तेव्हा कड्यावरच्यांनी धोंडे लोटायला सुरुवात केली.

कोयाजीच्या दंडात भाला घुसला. तो भिंतीला टेकून बसला आणि त्याने आपल्या माणसांकडे पाहिले. प्रत्येक माणसाच्या शेजारी एक जागा रिकामी होती. ती जागा आपण वर्षानुवर्षे झाकून ठेवली, असे त्याच्या मनात आले. सुभानजी गेला नसता, तर आज खालून कुणीच येणार नव्हते. आणि गेला असला, तरी ते वेळेवर येतील की नाही, कुणास ठाऊक.

उन्हे कलली तेव्हा खालून शिंग वाजले.

स्वारांच्या मागे बसून आलेले तिरंदाज धापा टाकत वर चढले आणि कड्यावर पसरले. शत्रूने वर पाहिले. रिकामे समजलेले कडे भरू लागले होते. तो माघारी फिरला. थोरल्या खिंडीकडे निघालेली त्याची दुसरी टोळीही ती बातमी ऐकून परतली. खाली गावांत एकही घर जळले नाही.

पण धाकट्या खिंडीवर नऊ माणसे मेली होती. त्यांत हरबा होता.

सुभानजी वर आला तेव्हा कोयाजी हरबाच्या डोक्याशी बसला होता. दंडाला बांधलेले फडके रक्ताने भिजले होते. त्याने सुभानजीच्या बोडक्या डोक्याकडे पाहिले.

"तू सांगितलंस म्हणून हे आले," तो म्हणाला.

"हो."

"दोन वर्षांआधी सांगितलं असतं, तर?"

सुभानजी त्याच्या शेजारी खाली बसला. मग कोयाजीने आपले पागोटे काढले आणि ते हरबाच्या अंगावर पांघरले.

सेनापती मेलेल्यांना बघत बघत तिथवर आला. दाढीतला पांढरा पट्टा पाहून तो थांबला.

"याला मी ओळखतो," तो म्हणाला. "याचा जुळा भाऊ थोरल्या खिंडीवर असतो. त्याला निरोप धाडायला हवा."

सुभानजीने वर पाहिले. "याला भाऊ नव्हता, सरकार."

सेनापतीला समजायला थोडा वेळ लागला. समजले तेव्हा तो गुडघ्यांवर बसला. आपल्या हुकुमाच्या धाकाने जे खोटे भाऊ जन्माला घातले होते, ते किती होते आणि कोणकोणत्या तटांवर उभे होते, हे त्याला एकदमच दिसू लागले. आपल्या भावाला ज्या रिकाम्या जागेने मारले, तशाच जागा आपण राज्यभर केल्या, हे त्या कडक माणसाला त्या दिवशी कळले. त्याने स्वतः हरबाला खांदा दिला.

पुढे राणीने न्याय केला. सुभानजीने खरे सांगून गावे वाचवली, हे तिने सगळ्यांपुढे म्हटले. पण दोन वर्षे त्याने आणि कोयाजीने राज्याला फसवले, हेही ती विसरली नाही. दोघांनी एक वर्ष आपापल्या चौकीवर साधे शिपाई म्हणून राहावे, असे तिने सांगितले. दोघांनाही ते बरोबर वाटले. त्या वर्षात झऱ्यावरून पखाली भरून आणण्याचे काम सुभानजीने मागून घेतले.

सेनापती तुळोजीच्या गावी गेला. तुळोजी शेतात होता. सेनापतीने हात जोडून त्याची क्षमा मागितली आणि म्हणाला, "तुला काय हवं ते माग."

तुळोजीने घाम पुसला. "त्या चौकीवर ती पाच माणसं अजून आली नसतील," तो म्हणाला. "आधी ती पाठवा. माझं मग बघू."

पाच माणसे त्याच आठवड्यात गेली. त्यानंतर तुळोजी पुन्हा नाईक झाला. जुना हुकूम रद्द झाला. नवा असा निघाला, की उणीव आपणहून सांगेल त्या नाईकाला ती भरून द्यावी. सांगून भरून दिली नाही, तर दोष राजधानीचा. उणीव लपवील त्यालाच शिक्षा. आणि दर काही वर्षांनी राणीने स्वतः खिंडींत जाऊन नेमणूक पुन्हा तपासावी. कारण झरे आटतात, वाटा बदलतात आणि शत्रूही बदलतो. तेव्हा कालचे साठ आज पुरतीलच असे नाही.

वर्ष सरले. सुभानजी आणि कोयाजी पुन्हा आपापल्या खिंडीचे नाईक झाले, आणि सेनापती धाकट्या खिंडीवर हजेरीला आला. माणसे रांगेत उभी होती. कोयाजीचा हात नकळत पागोट्याकडे गेला. जुनी सवय सहजी जात नाही. पण तो पुढे झाला.

"चार माणसं कमी आहेत, सरकार," तो म्हणाला. "एका तिरंदाजाला आता लांबचं दिसत नाही, पण तो ते कबूल करत नाही. त्याला धरलं तर पाच."

सेनापतीने अंगावरचा शेला काढून शेजारच्या दगडावर ठेवला आणि ऐसपैस मांडी घालून बसला.

"आणखी काय कमी आहे?" त्याने विचारले.

कोयाजी त्याच्यासमोर बसला आणि सांगू लागला. वैद्यापाशी पट्ट्यांना कापड नव्हते. उत्तरेकडच्या कड्यावरची पायवाट पावसाने खचली होती. सेनापती मधून मधून प्रश्न विचारत होता, आणि बोलणे संपेपर्यंत सावल्या लांब झाल्या होत्या.

त्यानंतरही दोन्ही खिंडी कधी पूर्ण भरलेल्या असत, कधी नसत. पण त्या किती भरलेल्या आहेत, हे राजधानीला नेमके ठाऊक असे, आणि तेवढ्यावरच बेत आखले जात. पलीकडच्या राजाने पुढे दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तो खिंडीच्या तोंडापासूनच परतला.

बाळांनो, आणि मोठ्यांनो, एवढे ध्यानात ठेवा: उणीव सांगणाऱ्याचे तोंड जो बंद करतो, त्याला संकट दाराशी येईपर्यंत आपले घर भरलेलेच दिसते.